सायकल जड आहे, की हवा कमी आहे?

आजचा विषय एका मेसेजवरून घेतला. अमरावतीचा एक श्रोता गाडगेनगरहून राजापेठला क्लासला जातो, रोज सायकलनं. त्यानं लिहिलं, "भाऊ, माझी सायकल १९ किलोची आहे, लय जड चालते. १२ किलोची घेऊ का? वीस हजार लागतील." आता वीस हजार घरी मागायचे म्हणजे काही गंमत नाही. तर आधी थोडं गणित करू. घाबरू नका, नववीतलंच आहे.

समजा वाटेत ८ मीटर उंचीचा उड्डाणपूल आहे. तुम्ही ६० किलोचे, सायकल १९ ची, एकूण ७९. आरामात पायडल मारणारा माणूस १०० वॅटच्या आसपास ताकद लावतो. एवढं वजन ८ मीटर वर न्यायला त्याला साधारण ६२ सेकंद लागतात. १२ किलोची सायकल असली तर ५६. सात किलोचे पैसे मोजून कमावले किती, तर सहा सेकंद! सिग्नलवर थांबून पुन्हा १५ चा वेग पकडायचा, तर त्यात एक सेकंदसुद्धा वाचत नाही. कारण सोपं आहे: ओढायचं खरं वजन सायकलचं नाही, आपलंच आहे.

मग जड का लागते? टायर दाबून पाहा. सपाट रस्त्यावर सात किलो जास्तीचे दोन-तीन वॅट खातात. पण हवा कमी होऊन चाकाचं घर्षण दुप्पट झालं, की २५ वॅट गेले. शंभरातले पंचवीस! अकोल्यासारख्या सपाट गावात तर चढ नाहीच, सगळा खेळ हवेचा. ट्यूबमधून हवा हळूहळू जातच असते, पंक्चर नसलं तरी. किती भरायची ते टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, पीएसआयमध्ये. आठवड्यातून एकदा भरा. चेनला तेल द्या. सीट खाली असेल तर वर घ्या, गुडघा दुमडून पायडल मारलं की हत्ती चालवल्यासारखंच वाटते.

स्वस्त सायकलींचे ते पुढचे-मागचे शॉकअप मात्र मला पटत नाहीत. वजन वाढवतात, आणि उभं राहून पायडल मारलं की थोडा जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो. दिसायला भारी, बस. आणि बारा किलोवाली घेताना एक पाहा, त्या बारात स्टँड, कॅरिअर, मडगार्ड धरलेलं आहे का? बहुतेक वेळा नसतं. जुलैत काळ्या मातीचा चिखल पाठीवर उडाला की मडगार्ड बसवावंच लागते.

हां, वजन खरंच नडते ती जागा वेगळी आहे: जिना. तिसऱ्या मजल्यावर खोली, खाली सायकल ठेवायची सोय नाही, मग रोज १९ किलो खांद्यावर. तिथं सात किलो म्हणजे सात किलोच. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते, त्यात येते ती साधी लोखंडीच. पण ती दारात उभी राहते, कॅरिअरवर दप्तर बसते, आणि गावातला कोणताही मिस्त्री दुरुस्त करतो.

तर त्या भावाला माझं उत्तर: खोली तळमजल्यावर असेल तर आधी दुकानात जाऊन दोन्ही चाकांत हवा भर, आठ दिवस चालव, मग मेसेज कर.