उष्णोदकाची यात्रा : एक आंखणी

(नभोवाणीवरील भाषण)

आयुष्यभर मीं शाळेंत भूगोल शिकविला. "जपान हा भूकंपांचा, ज्वालामुखींचा व उष्णोदकाच्या झऱ्यांचा देश आहे," हें वाक्य मीं किती वर्गांना लिहून दिलें असेल याची गणती नाहीं. पण तो देश भिंतीवरच्या नकाशापलीकडे मीं पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर गांठीला चार पैसे होते, हातपाय चालत होते. तेव्हां उभयतांनीं एकदां तिकडे जाऊन यावें असें ठरलें. हा आमचा पहिला परदेशप्रवास, आणि वय पाहतां बहुधा शेवटचाही. म्हणून कांहींही सुटूं नये अशा बेतानें मीं बारा दिवसांची योजना आंखली : टोकियो, निक्को, हाकोने, क्योटो, नारा, हिरोशिमा, बेप्पू. कोठें एक रात्र, तर कोठें केवळ अर्धा दिवस. कागद कुटुंबापुढें ठेवला. तिनें चष्मा लावून तो अथपासून इतिपर्यंत वाचला आणि विचारलें, "अहो, यांत आपण बसायचं कुठं ?"

त्या एका प्रश्नानें माझी योजना रद्द झाली. आज आपणांपुढें मांडणार आहें ती त्यानंतर आम्हीं दोघांनीं मिळून केलेली दुसरी योजना. जपानची वारी ज्यांच्या मनांत आहे अशा मंडळींस, विशेषतः वयानें वाढलेल्यांस, ती उपयोगी पडेल असें वाटतें.

जपानी भाषेंत उष्णोदकाच्या झऱ्याला 'ओन्सेन' म्हणतात. आपल्या कोंकणांत ज्याला उन्हाळें म्हणतात, तेंच हें. जपान्यांनीं मात्र त्याचा कायदाच केला आहे. १९४८ सालच्या या कायद्याप्रमाणें जमिनींतून निघणारें पाणी उगमापाशीं निदान २५ अंश उष्ण असेल, किंवा नमूद केलेल्या १९ द्रव्यांपैकीं एखादें तरी त्यांत ठराविक प्रमाणांत असेल, तरच त्याला ओन्सेन म्हणतां येतें. असे सुमारें २७ हजार उगम त्या देशांत आहेत. पाण्याच्या पृथक्करणाचा तक्ता स्नानगृहांत लावावा लागतो. गंधक, लोह, मीठ, आम्ल. प्रत्येक गांवच्या पाण्याचा स्वभाव निराळा. कुसात्सु येथील पाणी इतकें आम्ल व इतकें कढत कीं, त्यांत एकदम उतरवत नाहीं. थंड पाणी मिसळावें तर त्याचा गुण कमी होतो. म्हणून तेथें लांब फळ्यांनीं पाणी ढवळून निववितात आणि ढवळतांना गाणीं म्हणतात. प्रकार पाहण्याजोगा खरा. परंतु तें गांव आमच्या वाटेवर नव्हतें, म्हणून मन घट्ट करून मीं तें खोडलें. प्रवासाच्या आंखणींत लिहिणें सोपें, खोडणें अवघड.

आतां स्नानाची रीत. आपण अंग स्वच्छ करण्यासाठीं पाण्यांत उतरतों. जपानी मनुष्य अंग स्वच्छ करून मग पाण्यांत उतरतो. कुंडाबाहेर बुटक्या चौरंगावर बसून साबणानें सर्वांग घासावें, फेस पुरता धुवून टाकावा, लांब केस असल्यास वर बांधावे आणि मग हळूच कुंडांत बसावें. हातांतला लहान पंचा पाण्याला लागूं द्यावयाचा नाहीं, पोहावयाचें नाहीं, मोठ्यानें बोलावयाचें नाहीं. बाहेर येतांना अंग पुसूनच कपड्यांच्या खोलींत पाऊल ठेवावें. कारण तें पाणी एकट्याचें नव्हे; जसें आपल्याला मिळालें तसेंच तें मागून येणारालाही मिळालें पाहिजे. या नियमाकडे पाहतां पाहतां कुटुंबाच्या प्रश्नाचें उत्तरही मला सांपडलें. धुण्याघासण्याची सारी खटपट आधीं उरकावी, म्हणजे पाण्यांत नुसतें बसतां येतें. प्रवासाचेंही तेंच आहे. निवड, खोडाखोड, चौकशी हें सारें घरीं करावें, आणि तेथें गेल्यावर बसावें.

येथें एक अडचण येते, ती संकोच न करतां सांगतों. कुंडांत वस्त्र नेसून उतरत नाहींत. पुरुषांचीं व स्त्रियांचीं स्नानगृहें सामान्यतः स्वतंत्र असतात. तरीही चार परक्या माणसांदेखत विवस्त्र होणें आपल्याकडील स्त्रियांनाच काय, मलाही जड वाटतें. कुटुंबानें तर साफ सांगितलें, "तुम्ही खुशाल जा, मी बाहेर बसेन." दोघांनीं इतका खर्च करून जायचें आणि एकानें बाहेर बसायचें, हें मला रुचेना. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, पुष्कळ पांथगृहांत ठराविक वेळापुरतें एखादें कुंड केवळ आपल्या कुटुंबासाठीं राखून ठेवतां येतें. शिवाय अनेक गांवांत रस्त्याच्या कडेला नुसते पाय सोडून बसण्याचीं कुंडें असतात. एवढें कळल्यावर ती म्हणाली, "बरं, पुढचं सांगा."

मग आम्हीं तीन मुक्काम मुख्य धरले. पहिला कोयासान. ओसाकाहून आगगाडीनें व शेवटीं दोरानें ओढल्या जाणाऱ्या गाडीनें सुमारें ८०० मीटर उंचीवरच्या या पठारावर जातां येतें. येथें आम्ही उष्णोदकासाठीं जाणार नाहीं, जेवणासाठीं जाणार आहों! जपानांत शाकाहारी मनुष्याची फजिती होते ती सारांत. दिसायला नुसत्या भाज्या; पण आंतील पाण्याला वाळविलेल्या मासळीचा अर्क. कोयासान हें कूकाई नामक बौद्ध आचार्यांनीं ८१६ सालीं स्थापन केलेलें मठांचें गांव आहे, आणि तेथील पन्नासएक मठांत यात्रेकरूंना उतरतां येतें. त्यांच्या पारंपरिक भोजनांत मांसमासळी तर नसतेच, पण कांदालसूणही वर्ज्य. आपल्याला चातुर्मासाची आठवण व्हावी. गांवाच्या टोकाला ओकुनोइनची दफनभूमि आहे. सुमारें दोन किलोमीटरांची वाट उंच, जुनाट वृक्षांतून जाते. दोन्ही बाजूंस पांच दगडांच्या समाध्या दिसतात. ते पांच दगड म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायु आणि आकाश; आणि त्यांवर कोरलेलीं अक्षरें भारतांतून चीनमार्गें तेथें गेलेल्या सिद्धम् लिपीचीं! इतक्या दूर जाऊन आपलींच पंचमहाभूतें भेटावीं, हा योग मला चुकवावयाचा नाहीं.

त्यानंतर तीन रात्री क्योटो. त्या नगरीविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ सांगितलें आहे. दिवसाला एक देऊळ व एक बाग, याहून अधिक नको, एवढाच आमचा निश्चय.

दुसरा मुख्य मुक्काम किनोसाकी. क्योटोहून थेट आगगाडीनें सुमारें अडीच तासांची वाट. ओढ्याच्या कांठीं वाळुंजाचीं झाडें, आणि गांवभर पसरलेलीं सात सार्वजनिक स्नानगृहें हें याचें वैशिष्ट्य. सबंध गांव म्हणजे एकच पांथगृह, अशी तेथील कल्पना : स्थानक हें दार, रस्ते हे सोपे, उतरण्याचीं घरें या खोल्या. सायंकाळीं पाहुणे 'युकाता' हा सुती झगा घालून, लांकडी खडावा वाजवीत एका स्नानगृहाकडून दुसऱ्याकडे जातात. या झग्याची डावी बाजू उजवीवर घ्यावी; उलट नेसवितात तें प्रेताला. आगगाडीच्या अपघातांत जखमी झालेले कथाकार शिगा नाओया १९१३ सालीं प्रकृति सुधारण्यासाठीं येथेंच येऊन राहिले होते. १९२५ च्या भूकंपांत व आगींत हें गांव नष्ट झालें होतें. आज दिसतें तें लोकांनीं पुन्हां उभारलेलें.

तिसरा मुक्काम शिकोकु बेटावरील मात्सुयामा शहरांतील दोगो. किनोसाकीहून तेथें जाण्यांत एक दिवस जवळजवळ सगळा आगगाडींत जाईल. पण १९८८ सालीं खुल्या झालेल्या सेतो समुद्रावरील पुलावरून जावयाचें असल्यानें तो फुकट जाणार नाहीं. दोगोचें तीन मजली लांकडी स्नानगृह १८९४ सालचें. २०१९ पासून त्याची दुरुस्ती चालली होती आणि जुलै २०२४ मध्यें तें पूर्णपणें पुन्हां खुलें झालें. सकाळीं सहा वाजतां माथ्यावरच्या मनोऱ्यांतील नगारा वाजतो. नात्सुमे सोसेकी १८९५ सालीं मात्सुयामाच्या शाळेंत इंग्रजीचे शिक्षक होते, आणि त्यांच्या १९०६ सालच्या 'बोच्चान' या कादंबरीचा नायकही असाच बाहेरून आलेला मास्तर. तो कुंडांत पोहतो, विद्यार्थ्यांना तें कळतें आणि दुसऱ्या दिवशीं फळ्यावर त्याची चेष्टा लिहिलेली असते. ज्यानें जन्मभर फळ्याकडे पाठ करून मुलांपुढें उभें राहण्यांत काढलें, त्याला हें स्थळ पाहण्याची ओढ कां लागावी, हें सांगावयास नको.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. एप्रिलची अखेर व मेचा आरंभ, ऑगस्टचा मध्य आणि नववर्ष या वेळीं जपानी लोक स्वतःच प्रवासाला निघतात. तेव्हां जाऊं नये. आम्हीं ऑक्टोबरचा उत्तरार्ध धरला आहे. परदेशी प्रवाशांसाठीं असलेला सात दिवसांचा रेल्वे-पास ऑक्टोबर २०२३ मध्यें २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. आमच्यासारख्या थांबत थांबत जाणारांस सुटीं तिकिटें परवडतात कीं काय, हें हिशेब करून पाहावें. जड सामान एका मुक्कामाहून दुसऱ्याकडे परस्पर पाठविण्याची तेथें उत्तम सोय आहे. वृद्धांनीं ती अवश्य घ्यावी. पारंपरिक पांथगृहाचें भाडें बहुधा माणशीं व दोन जेवणांसह असतें, म्हणून शाकाहाराची गोष्ट खोली ठरवितांनाच लेखी कळवावी; ताटावर बसल्यावर नव्हे. कुंडांतील पाणी बहुधा ४० ते ४२ अंश असतें. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असल्यास आधीं डॉक्टरांना विचारावें, भरल्या पोटीं उतरूं नये, फार वेळ बसूं नये आणि बाहेर आल्यावर पाणी प्यावें.

शेवटीं एक सांगतों. दोगोची अशी आख्यायिका आहे कीं, पाय दुखावलेला एक पांढरा बगळा रोज येऊन त्या पाण्यांत पाय बुडवी आणि तो बरा झाला. आमच्या घरीं कुटुंबाचे गुडघे कित्येक वर्षें दुखत आहेत. पाण्यानें ते बरे होतील अशी आशा मीं तिला दाखविली नाहीं. ऊन पाण्यानें सांधे थोडा वेळ हलके वाटतात, एवढेंच म्हणालों. दोगोलाच २०१७ सालीं एक नवें स्नानगृह उघडलें आहे. तेथें कुटुंबापुरत्या स्वतंत्र खोल्या असून जुन्या चालीचें स्नानवस्त्र नेसून पाण्यांत बसतां येतें, हेंही वाचून दाखविलें. तिनें योजनेचा कागद पुन्हां मागून घेतला, दोगोपुढील दोन रात्री खोडून तीन केल्या आणि म्हणाली, "आधी त्या रस्त्यावरच्या कुंडात पाय सोडून बसू. तुम्हीही बसा. पुढचं पुढं."

श्रोतेहो, आमच्या योजनेंत बसण्याची जागा अशी मिळाली. तुमच्याही योजनेंत ती राहो, एवढें म्हणून आपली रजा घेतों.