बटण पुढे, डिकी मागे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



हॅचबॅक गाडीची डिकी चालकाच्या जागेवरून उघडता आली तर किती बरं, असं अनेकांना वाटतं. काही गाड्यांत सीटशेजारी खटका असतो. तो ओढला की केबल ताणली जाते आणि मागचं कुलूप सुटतं. ज्यांत ही सोय नाही, त्यांचे मालक वायरिंगवाल्याला सांगतात, ‘पुढे एक बटण बसवून द्या.’ तो बसवूनही देतो. बटण दाबलं की मागे ‘टक्’ असा आवाज होतो आणि सगळे खूश! आज मला बोलायचं आहे ते या बटणापासून डिकीपर्यंत जाणाऱ्या, न दिसणाऱ्या तारेबद्दल. कारण बटण बिघडलं तर फार तर डिकी उघडणार नाही. तार चुकीची टाकली, तर गाडी पेटू शकते.

आधी आपल्या गाडीचं कुलूप कोणत्या प्रकारचं आहे ते पाहा. बऱ्याच नव्या गाड्यांत डिकीच्या दारावर बाहेरून दाबायचं विजेचं बटण असतं. ते अगदी थोड्या प्रवाहाचा इशारा गाडीच्या नियंत्रक पेटीला देतं आणि कुलूप ती पेटी सोडते. अशा गाडीत त्या बाहेरच्या बटणाला समांतर दुसरं बटण जोडावं लागतं. मात्र या बारीक तारेत बॅटरीचा १२ व्होल्टचा पुरवठा थेट सोडला, तर महागडी पेटी जळू शकते. म्हणून त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहिल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.

दुसरा प्रकार निव्वळ किल्लीनं उघडणाऱ्या कुलपाचा. इथे कुलपाचा खटका ओढायला सोलेनॉइड बसवावं लागतं. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारी लोखंडी दांडी. वीज मिळाली की दांडी आत ओढली जाते. हे काम क्षणाचंच, पण त्या क्षणी प्रवाह बराच लागतो. तो नाजूक बटणातून नेला तर बटणाचे संपर्क जळतात. म्हणून मध्ये रिले घालायचा.

रिले समजायला विहिरीवरची मोटार आठवा. आपण हिरवं बटण दाबतो, पण मोटारीचा सगळा प्रवाह काही त्या बटणातून जात नाही. बटण स्टार्टरमधल्या कॉइलला जागं करतं आणि मोठी जोडणी ती कॉइल करते. गाडीतला रिले हा तसाच छोटा स्टार्टर. त्याच्या पायांवर आकडे असतात. ८५ आणि ८६ हे कॉइलचे, ३० वर पुरवठा येतो आणि ८७ वरून तो सोलेनॉइडकडे जातो. बटण मात्र दाबल्यापुरतंच चालू राहणारं हवं, घंटीच्या बटणासारखं. दाबलेलं राहणारं बटण लावलं, तर सोलेनॉइड तापून जळेल.

आता तारेची जाडी. पुढून मागे जायला चारेक मीटर तार लागते. समजा, सोलेनॉइडला ८ अँपिअर हवेत. अर्धा चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर वाटेतच एका व्होल्टहून जास्त दाब गळतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत ही गळती ०.४ व्होल्टच्या आसपास राहते. बारीक तारेनं डिकी कधी उघडते, कधी नुसतीच कुरकुरते, त्याचं एक कारण हे असू शकतं.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं, फ्यूज. इंजिन सुरू करताना बॅटरी शंभराहून अधिक अँपिअर देते. तिच्यापासून निघालेली तार पत्र्याच्या कडेवर घासून सोलली गेली, तर तोच जोर त्या तारेत शिरतो. तार लाल होते, आवरण पेटतं. फ्यूज असेल तर तो वितळून वाट तोडतो. पण फ्यूज रक्षण करतो ते त्याच्या पुढच्या तारेचं. बटणाजवळ फ्यूज बसवला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची तार उघडीच राहिली. म्हणून फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ, तितका चांगला. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेला लाल रंगाचा १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो उडाला म्हणून मोठा घालू नका. उडण्याचं कारण शोधा.

तार जिथे पत्र्यातून पार होते, तिथे रबरी ग्रोमेट हवंच. तार उंबरठ्याच्या पट्टीखालून नेताना एअरबॅगच्या तारांपासून दूर ठेवायची. त्या सहसा पिवळ्या असतात. कामाआधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवायचं. दाराच्या बिजागरीजवळ तार दर वेळी वाकते. तिथे ती मूळच्या रबरी नळीतूनच न्यावी, नाहीतर काही महिन्यांत आतून तुटते.

शेवटचा प्रश्न, चालत्या गाडीत बटण दाबलं गेलं तर? हॅचबॅकमध्ये प्रवासी आणि सामान यांच्यात भिंत नसते. मागचं दार उघडलं की सामान रस्त्यावर पडतं, मागून येणारा दुचाकीवाला त्यावर आदळू शकतो आणि धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड आत ओढला जातो. यावर उपाय म्हणजे पाच पायांचा आणखी एक रिले. त्यात ८७ए नावाचा पाय असतो. कॉइलला वीज नसताना हा पाय ३० शी जोडलेला असतो, वीज मिळताच सुटतो. इग्निशनची वीज कॉइलला द्या आणि बटणाचा पुरवठा ८७ए वरून घ्या. आता इग्निशन चालू असेपर्यंत बटण निर्जीव राहील. मात्र हा रिले निकामी झाला तर बटण सदा जिवंत राहतं. म्हणून अधूनमधून, उभ्या गाडीत इग्निशन चालू करून बटण दाबून पाहत जा.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा. अमेरिकेत सप्टेंबर २००१ पासून बनणाऱ्या, बंद डिकीच्या नव्या मोटारींत आत अडकलेल्या माणसाला डिकी उघडता यावी, अशी सोय सक्तीची झाली. त्यासाठी अंधारात चमकणारी मूठ बसवतात. आपण बोलतोय ते बटण चालकासाठी आहे. सेदान गाडीत ते बसवलं, म्हणून आत अडकलेल्या मुलाची सोय झाली, असं समजू नये.

काम झालं की लगेच डिकी बंद करू नका. दार वर असतानाच कुलपाचा खटका स्क्रू ड्रायव्हरनं मिटवा आणि बटणानं सुटतो का ते पाहा. किल्लीनं उघडण्याची सोय कधीही काढू देऊ नका. बॅटरी उतरली की तीच कामाला येते. गाडी वॉरंटीत असेल तर तिच्या अटी आधी वाचा. आणि पैसे देण्यापूर्वी वायरिंगवाल्याला तीन गोष्टी दाखवायला सांगा : फ्यूज कुठे आहे, तार पत्र्यातून कुठे गेली आहे आणि इग्निशन चालू असताना बटण काय करतं. ज्यानं काम नीट केलंय, तो आनंदानं दाखवील.