आपल्या वाटांचा नकाशा
(एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



पोस्टर, यात्रा, फिल्म ही साधने आपल्या चळवळीला नवी नाहीत. १९८५ ची स्त्रीमुक्ती यात्रा अनेकींना आठवत असेल. हीच साधने आपण जिथे राहतो तो परिसर मांडायला कशी वापरायची, यावर आज बोलू या. कारण नकाशा कोण काढते यावर त्यात काय दिसणार ते ठरते. आणि नकाशात जे नाही, त्यासाठी पैसा मंजूर होत नाही.

आपल्या एव्हरशाईन सिटीचेच पाहा. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, दक्षिणेला वसईची खाडी, मधला पट्टा सखल. डोंगरावरचे पाणी नाल्या-खाजणांतून खाडीकडे जाणार, भरतीचे पाणी त्याच वाटेने आत येणार. पण घरांच्या जाहिरातीत इमारत असते, बाग असते. पाण्याची वाट नसते. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्यात गेले, लोकल बंद पडल्या, मिठागरांत कुटुंबे अडकली. कागदावरून पुसलेले पाणी दारात आले. तेव्हा धान्याचे डबे माळ्यावर चढवणारी, पिण्याचे पाणी शोधणारी आणि नंतर चिखल उपसणारी कोण होती, हे तुम्हाला सांगायला नको.

२६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी हाच प्रश्न हाती घेतला. २००९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी 'सोक' हे प्रदर्शन भरवले, त्याच नावाचे पुस्तक काढले. त्यांचे म्हणणे साधे आहे. नकाशात आपण जमीन आणि पाणी यांच्यामध्ये एक पक्की रेघ मारतो आणि ती ओलांडून पाणी आले की त्याला पूर म्हणतो. प्रत्यक्षात ही रेघ भरती-ओहोटीबरोबर, पावसाबरोबर हलत असते. छायाचित्रे आणि रेखाटने यांतून त्यांनी ती हलती जमीन दाखवली. चित्र बदलले की प्रश्नही बदलतो. 'पाणी हाकलायचे कसे' याऐवजी 'पाण्याला जागा कुठे द्यायची' असे आपण विचारू लागतो.

या जमिनीवरून चालते कोण, हा दुसरा प्रश्न. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या 'व्हाय लॉयटर?' (२०११) या पुस्तकाने दाखवले की बाईला रस्त्यावर असायला सतत कारण लागते. हातात पिशवी, कडेवर मूल, कानाला फोन. नुसते उभे राहण्याचा हक्क पुरुषाचाच. पारोमिता व्होरा यांच्या 'क्यूटूपी' (२००६) या फिल्मने तर शौचालयांवरून शहर वाचले. शहर आखताना कोणाचे शरीर डोळ्यांसमोर होते, ते त्यात स्पष्ट दिसते.

आपल्या गटाने वसई रोड स्टेशनपासून इथवर चालायला सुरुवात केली, ती याच विचाराने. नियम एकच : प्रत्येकीने आपली रोजची वाट, आपल्या रोजच्या वेळी दाखवायची. बाकीच्यांनी मागे चालायचे, फोनवर चित्रण करायचे, मध्ये बोलायचे नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या वाटेत किती फाटके आहेत ते कळले. मासे विकणारीने टेकायला मिळणारा एकुलता एक दगड दाखवला. दुपारपर्यंत ती पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. क्लासहून परतणाऱ्या मुली एका वळणावर आपोआप रस्ता ओलांडतात. दिव्याचा खांब आहे, पण उजेड फांद्यांत अडकतो. पाणी आधी कुठे साचते ते तळमजल्यावरच्या बायांना पाठ आहे. यातले काहीच छापील नकाशात नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. जे चित्रण हक्क मागायला वापरायचे, तेच विक्रेत्या बाईला उठवायलाही वापरले जाऊ शकते. म्हणून चेहरा आणि जागा दाखवायची की नाही हे तिने ठरवायचे, आणि प्रदर्शन भरण्याआधी तिने ते पाहायचे. आपण तिची गोष्ट 'टिपत' नाही, तिच्याबरोबर मांडतो आहोत.

मग याचे करायचे काय? प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर कोणीही नागरिक हरकती-सूचना देऊ शकतो. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्यासाठी स्त्री-संघटनांनी चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा नोकरदार स्त्रियांच्या निवासाचा विचार त्यात आला. तोंडी तक्रार हवेत विरते. वेळ, ठिकाण आणि चित्र असलेला कागद फाइलीत राहतो. आपले प्रदर्शन सोसायटीच्या हॉलमध्ये भरवू, नंतर तेच प्रभाग कार्यालयात नेऊ आणि त्यातून एक छोटी पुस्तिका काढू. पुढच्या गटाला शून्यापासून सुरुवात करावी लागू नये.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपली एक वाट कागदावर काढून आणावी. रेघ वाकडी आली तरी चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, शेजारणीने काढावे. आणि शक्यतो चालतच या.