बिननोकरीचे वर्ष

श्रोतेहो, कर्त्या माणसाची नोकरी गेली म्हणजे घर कसे गप्प होते, ते तुम्हांला सांगायला नको. १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली जर्मनीतून शिकून मुंबईला परतले, तो पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! मग पत्नी तेहमिना आणि ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले.

तिथे सुगरणींचे खोपे होते. सलीम अली तासन् तास ते पाहत बसत. आपण ‘सुगरण’ म्हणून सगळे श्रेय मादीला देतो. पण खोपा विणतो नर. अर्धवट खोप्यात शिरून मादी तो पारखते. पसंत पडला तर नांदते. आतले अस्तर तेवढे तिचे. आणि नर? खोपा पुरा करून दुसरीसाठी दुसरा विणायला घेतो. (गुरुजी, वर्गात हे जरा जपून सांगा.)

१९३१ साली हे संशोधन छापून आले. नोकरी टिकती, तर इतकी सवड कुठून मिळती? आणि मिळकत नसताना संसार सांभाळणारी तेहमिना नसती, तर?

१९३९ साली, एका शस्त्रक्रियेनंतर, तेहमिना गेल्या. सलीम अली पुढे १९८७ पर्यंत जगले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.