मारक द्रव्यें आणि मारक पेशी

परतूरसारख्या मराठवाड्यांतील गांवांत सदाफुली मुद्दाम लावावी लागत नाहीं. अंगणाच्या कडेला ती आपण होऊन उगवते, आणि शेळीसुद्धां तिला सहसा तोंड लावीत नाहीं. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा गुणकारी असतो, अशी समजूत अनेक देशांत होती. ती पारखून पाहण्याकरितां कॅनडांत रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनीं उंदरांना त्या पानांचा अर्क दिला. रक्तांतील साखर उतरली नाहीं. उतरली ती श्वेतपेशींची संख्या. त्या अर्कांतून वेगळें केलेलें विनब्लास्टिन १९५८ सालीं प्रसिद्धीस आलें, आणि त्याचें भावंड विनक्रिस्टिन आज बालकांच्या रक्तकर्करोगावर नित्य वापरलें जातें.

हें द्रव्य पेशीला मारतें कसें? पेशी दुभंगण्याच्या वेळीं तिच्यांतील गुणसूत्रें दोन्ही बाजूंस ओढून नेणारे सूक्ष्म तंतू तयार होतात. ते तंतू जुळूंच न देणें, एवढेंच या द्रव्याचें काम. अर्ध्यावर अडकलेली पेशी मरते. परंतु केसांच्या मुळांतील निरोगी पेशीही सतत दुभंगत असतात. विषाला त्या निराळ्या कशा ओळखूं येणार? म्हणून रोग्याचे केस गळतात.

शरीरांत मात्र आधीं ओळख पटवून मग मारणारी एक पेशी आहे. तिला मारक टी-पेशी म्हणतात. विषाणूनें ग्रासलेली पेशी आढळली कीं ती तिला चिकटते, पर्फोरिन नांवाच्या प्रथिनानें तिच्या आवरणास छिद्रें पाडते आणि ग्रॅन्झाइम नांवाचीं प्रथिनें आंत सोडते. मग त्या सावजांतील आत्मनाशाची यंत्रणाच जागी होते, आणि मारेकरीण पुढच्या सावजाकडे वळते. हा संहार मोजण्याची युक्ति मोठी मनोरंजक आहे. १९६८ सालीं स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनीं सावज-पेशींत किरणोत्सर्गी क्रोमियम भरलें. पेशी मेली कीं तें बाहेरच्या द्रवांत गळतें, आणि त्याच्या किरणांवरून मृतांची गणती होते.

कर्करोगाच्या पेशी शरीराच्याच असल्यामुळें टी-पेशींना त्या बहुधा ओळखूं येत नाहींत. ही ओळख कृत्रिम रीतीनें शिकविण्याचें काम मुंबईस पवईच्या आय.आय.टी.मध्यें राहुल पुरवार आणि त्यांचे सहकारी यांनीं, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसह केलें. रोग्याच्याच टी-पेशी काढावयाच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांत एक नवें जनुक घालावयाचें, आणि त्या वाढवून परत त्याच्या रक्तांत सोडावयाच्या. त्या जनुकामुळें बी-पेशींच्या अंगावरील सीडी१९ ही खूण त्यांना दिसूं लागते. बी-पेशींपासून उद्भवणारे कर्करोग तीच खूण मिरवितात. नेक्सकार१९ या नांवानें या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्यें सरकारी मान्यता मिळाली. चाचण्यांत शेंकडा ७३ रोग्यांचा रोग हटला वा घटला. खर्च परदेशाच्या सुमारें दशांश. पण तोही अनेक लाखांचा, आणि परतूरच्या शेतकऱ्यानें तो कसा पेलावा, हा प्रश्न उरतोच.

सीडी१९ ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते, आणि त्याही या संहारांत बळी पडतात. त्यांच्याअभावीं प्रतिपिंडें उणीं पडतात. ती उणीव दात्यांच्या रक्तांतून काढलेलीं प्रतिपिंडें देऊन भरतां येते. फुफ्फुसाच्या किंवा आंतड्याच्या कर्करोगाची गोष्ट निराळी. तेथील पुष्कळशा खुणा निरोगी अवयवांच्या पेशींवरही आढळतात, आणि फुफ्फुसें गमावून कोणी जगत नाहीं. तेथें निर्धोक खूण कोणती, याचा शोध अद्याप चालू आहे.