अनेक घरांची मराठी



परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानांवर मराठी पडते ती बहुधा आईवडिलांचीच; एका घराची, एका वळणाची. पण मराठी एवढीच नव्हे. ती माणदेशातील धनगरांची आहे, वारणाकाठच्या गावकुसाबाहेरची आहे, कोकणातील मुसलमान मोहल्ल्याचीही आहे. महाराष्ट्रापासून दूर राहून तिचा परिचय ग्रंथांवाचून व्हायचा नाही.

म्हणून बालांच्या हाती भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्यावा. कुमारांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) वाचावी. प्रौढांनी हमीद दलवाईंचे 'इंधन' (१९६५) व दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) टाळू नये. ही पुस्तके आपल्याला अस्वस्थ करतात, हाच त्यांचा उपकार. आजीबाईंनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवावीत. लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या बाईची ती मराठी आहे. ती कानांनीच अधिक कळते.

मंडळाच्या कपाटात ही सहा पुस्तके अवश्य असावीत. मात्र कपाटाला कुलूप नसावे, एवढीच माझी विनंती.