टोकियोचा भागबाजार आणि आपल्या घरची शिल्लक

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारा जन्म मुलांस अंकगणित शिकविण्यात गेला. परंतु मुद्दल व व्याज यांचा हिशेब सर्वत्र सारखाच असतो, या धीराने उभे राहिलो आहोत.

दिनांक ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा-किर्लोस्कर मोटर कंपनीने महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. आपल्या जिल्ह्यात सुमारे २०,००० कोटी रुपये गुंतविण्याचे त्यात ठरले व बिडकीनचे नाव दूरवर पोहोचले. तेव्हापासून ज्या घरांत जमिनीचा मोबदला आलेला आहे, तेथील तरुण आम्हांस विचारतात, "गुरुजी, जपानी कंपनीचे शेअर घेऊन ठेवावेत काय?"

प्रथम एक गैरसमज दूर करू. टोयोटा-किर्लोस्कर कंपनीचे भाग, म्हणजेच शेअर, मुंबईच्या बाजारात विक्रीस नाहीत. तिची मालकी मुख्यत्वे जपानच्या टोयोटा मोटरकडे व अल्पांशाने किर्लोस्करांकडे आहे. ते मिळवून देतो म्हणणाऱ्यास दारातूनच नमस्कार करावा. जपानच्या मूळ कंपनीचे भाग टोकियोच्या बाजारात मिळतात. म्हणून त्या बाजाराचा इतिहास पाहू.

तेथील २२५ प्रमुख कंपन्यांच्या भावांवरून निक्केई निर्देशांक काढतात. २९ डिसेंबर १९८९ रोजी तो ३८,९१५ वर पोहोचला. जमिनीचे भाव चढत होते, जमिनीच्या तारणावर कर्ज मिळत होते आणि तोच पैसा बाजारात येत होता. पुढे व्याजाचे दर वाढले आणि सारा डोलारा कोसळला. मार्च २००९ मध्ये निर्देशांक ७,०५४ पर्यंत खाली आला. १९८९ ची उंची पुन्हा गाठण्यास २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. चौतीस वर्षे! त्या वेळी तिशीत असलेला एखादा जपानी शिक्षक चौसष्ट वर्षांचा झाला, तेव्हा कुठे त्याचे मुद्दल, लाभांश सोडल्यास, पुरते झाले.

हे आम्ही दुसऱ्यास हसण्यासाठी सांगत नाही. १९९२ साली एका सहकाऱ्याच्या शब्दावर पतपेढीचे कर्ज काढून आम्हीही भाग घेतले होते. थोड्याच आठवड्यांत भाव कोसळले; हप्ते मात्र पाच वर्षे पगारातून जात राहिले. घरातील सौभाग्यवतीने एका शब्दानेही दोष दिला नाही, हेच आम्हांस अधिक लागले.

तथापि जपानचे आजचे चित्र निराळे आहे. २०२० साली अमेरिकेचे वॉरन बफे यांनी इटोचू, मारुबेनी, मित्सुबिशी, मित्सुई व सुमितोमो या पाच व्यापारी कंपन्यांचे भाग घेतल्याचे जाहीर केले. मार्च २०२३ मध्ये टोकियो बाजाराने कंपन्यांस बजावले, की भांडवलाचा विनियोग सुधारण्याचे उपाय जाहीर करा. १९२६ साली स्वयंचलित माग बनविण्यासाठी स्थापन झालेल्या टोयोटा इंडस्ट्रीजला बाजारातून काढून घेण्याचा प्रस्ताव जून २०२५ मध्ये तिच्याच समूहाने मांडला. पैठणी विणणाऱ्या तालुक्याच्या दारी आलेल्या या घराण्याचा प्रारंभही मागावरच झाला, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

परंतु एकाच दिवशी, ५ ऑगस्ट २०२४ रोजी, निक्केई ४,४५१ अंकांनी घसरला. शिवाय येनचा धोका आहे. २०११ साली एका डॉलरला ७६ येनहूनही कमी पडत; २०२४ मध्ये १६० हून अधिक पडू लागले. भाग चढला आणि येन उतरला, तर आपल्या हाती काय उरेल, याचे गणित आधी मांडावे.

ज्यांस इच्छा असेल, त्यांनी परदेशी पैसा पाठविण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम पाहून अथवा म्युच्युअल फंडामार्फत थोडी रक्कम हप्त्याहप्त्याने गुंतवावी. जपानी उद्योगात रुपयांतच सहभागी व्हावयाचे, तर मारुती-सुझुकीसारख्या कंपन्या मुंबईच्या बाजारात आहेत. तिचे भाग २००३ साली प्रत्येकी १२५ रुपयांस जनतेस मिळाले होते.

कर्ज काढून मात्र एकही भाग घेऊ नये. जमीन एकदाच विकली जाते. तिचा मोबदला एका दिवसात एका बाजारी लावू नये. त्यातील पहिला हिस्सा मुलामुलींच्या तंत्रशिक्षणासाठी राखावा. कारखाना उभा राहील तेव्हा आपली मुले तेथे कुशल कारागीर म्हणून जावीत, एवढीच आमची इच्छा आहे.